न सांडणारं सूप

कुठल्याही कार्यक्रमात शेवटी आभार मानायला जो माणूस उभा राहतो ना, त्याचं कोणी म्हणजे कोणी ऐकत नाही. तो "सर्वप्रथम" म्हणेपर्यंत लोकांनी चपला शोधायला घेतलेल्या असतात. म्हणून मी माझे आभार सुरुवातीलाच उरकून घेतो. मी माझ्या बायकोचा, सासूबाईंचा, एका निवृत्त नर्सआजींचा आणि त्यांच्या विणकामाच्या सुईचा जन्मभर आभारी आहे. का, ते आता सांगतो. बसा, चपला राहू द्या!

तर, गुंडाळण्याच्या बाबतीत माझा हात धरणारा माणूस अजून जन्माला यायचाय. ही बढाई नाही, हा माझा पोटापाण्याचा धंदा आहे. आमच्या कारखान्याच्या एका शेडमध्ये स्वयंपाकाचा ओटा पुसायचा कागद तयार होतो. खोलीएवढ्या रुंदीचा कागदाचा अखंड पट्टा रुळांवरून धावत असतो, आणि तो मध्येच तुटला की "मशीन बंद करा!" अशी आरोळी उठते आणि हातातला चहा तिथेच टाकून सगळे पळत सुटतात. दुसऱ्या शेडमध्ये उरलंसुरलं अन्न झाकायची ती पारदर्शक, चिकट फिल्म तयार होते. या दोन शेडच्या मधल्या खोलीत नवीन शोध लागतात. म्हणजे तिथे मी बसतो.

माझे आधीचे शोध काळाच्या पुढचे होते, असं माझं मत आहे. साहेबांचं मत वेगळं आहे. उदाहरणार्थ, मी पुसायचा एक कागद काढला होता, जो ओला झाला तरी फाटत नसे. पण मग तो ठरलेल्या रेघेवरही फाटेना! आमच्या घरी सासूबाईंनी एकदा जोर लावून ओढला, तर कागद तसाच राहिला आणि भिंतीवरचं स्टँड स्क्रूसकट खाली आलं. त्यानंतर मी दोन्ही बाजूंनी उघडणारी कचऱ्याची पिशवी काढली. तिच्याबद्दल आपण न बोललेलंच बरं.

पण या वेळी! या वेळी मी अशी फिल्म बनवली होती की बस्स! तिचं नावही मीच ठेवलं, मगरमिठी. वाडग्यात काठोकाठ पाणी भरायचं, वर मगरमिठी ताणून बसवायची आणि वाडगा खुशाल उलटा करायचा. एक थेंब बाहेर येईल तर शपथ! मशीनवरचा आमचा ऑपरेटर आहे, त्याला सगळे भोंगा म्हणतात, कारण मशीनच्या आवाजावर ओरडून ओरडून त्याचं कुजबुजणंसुद्धा गेटपर्यंत जातं. त्या भोंग्याने भरलेला वाडगा स्वतःच्या डोक्यावर उलटा धरून शेडभर मिरवणूक काढली. साहेबांनीही एकदा करून पाहिलं आणि कोरडे राहिले. आणि उघडायचं म्हणाल, तर काठाला धरून हलकेच ओढली की अलगद निघायची.

इथे एक बारीकसा तपशील सांगून ठेवतो. आमच्या धंद्याची एक शिस्त आहे. फिल्मची कुठलीही परीक्षा घ्यायची तर तिला आदल्या दिवसापासून गार खोलीत ठेवायचं. काचही त्याच खोलीतली, वाडगाही, पाणीही. सगळ्या नमुन्यांना एकच माप लागावं म्हणून. त्या खोलीत आम्ही भर उन्हाळ्यात स्वेटर घालून काम करतो. एवढं लक्षात ठेवा, मी विसरलो होतो.

आता माझ्या बायकोकडे येऊ. तिची नोकरी सुटली तेव्हापासून ती घरून जेवण करून द्यायचं म्हणत होती. तिच्या हाताला चव आहे, हे तिच्या तोंडावर मी फारसं म्हणत नाही ही माझी चूक. तर मोठ्या खटपटीने तिला पहिलं खरं काम मिळालं. पलीकडच्या रस्त्यावर वृद्धांचं एक निवासगृह आहे, तिथे रोज दुपारचं सूप द्यायचं. पहिल्या दिवशी वाडग्यांची झाकणं गरम वाफेने टपाटप उडाली आणि निम्मं सूप गाडीत सांडलं. दुसऱ्या दिवशी झाकणांना दोरी बांधली, तर दोरीसकट उडाली!

निवासगृहाच्या व्यवस्थापकबाई कडक. त्या म्हणाल्या, "चव उत्तम आहे हो, पण आमच्या आजीआजोबांनी ती गाडीतून चाटून घ्यायची का? उद्या एक थेंब जरी सांडला तरी मला दुसरी सोय बघावी लागेल."

संध्याकाळी मी घरी आलो तेव्हा बायको एक झाकण हातात धरून नुसती बसली होती. ओरडणारी बायको मला समजते, गप्प बसलेली समजत नाही.

"हे गेलं ना अहो," ती म्हणाली, "तर मी पुन्हा कोणाच्या दारात काम मागायला जाणार नाही. बस्स झालं."

"एवढं काय त्यात..."

"तिथे एक आजोबा आहेत. आयुष्यभर घड्याळं दुरुस्त केली त्यांनी. आता हात इतके थरथरतात की चमचा तोंडापर्यंत जाईस्तोवर रिकामा होतो. चारचौघांत लाज वाटते म्हणून वाडगा घेऊन खोलीत जाऊन बसतात. आज मला म्हणाले, 'मुली, सूप फार छान होतं, निम्मं तरी पोटात गेलं.' गाडीत निम्मं सांडलं, उरल्यातलं निम्मं त्यांच्या शर्टावर. मी करते तरी कशासाठी?"

मला काय झालं कोण जाणे, मी छाती पुढे काढली. "अगं, काखेत कळसा आणि गावाला वळसा! घरात मी असताना तू झाकणांच्या नादी कशाला लागलीस?"

बायकोने माझ्याकडे पाहिलं. "तुमचा कळसा गळका नाही ना?"

"मगरमिठी आहे ती, मगरमिठी! साहेबांच्या डोक्यावर वाडगा उलटा केलाय!"

आतून सासूबाईंचा आवाज आला, "स्टँड अजून भिंतीला लागायचंय म्हटलं!"

सासूबाई आमच्याकडेच असतात. स्वभाव गोड, स्मरणशक्ती मात्र जरा जास्तच चांगली.

दुसऱ्या दिवशी मी रजा टाकली आणि कारखान्यातून मगरमिठीचा अख्खा रोल आणला. ओट्यावर वाडगे मांडले. बायको गरमागरम सूप ओतत होती, मी फिल्म ताणून बसवत होतो, सासूबाई कापून देत होत्या. आणि काय सांगू, प्रत्येक वाडग्यावर ती फिल्म बसली की क्षणात ताणून चकचकीत व्हायची! गार पाण्यावर इतकी सुरेख कधीच बसली नव्हती. मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली.

"अहो, ही माझ्या हाताला का चिकटली?" सासूबाई म्हणाल्या. त्यांचा तळवा फिल्मने असा काही धरला होता की सोडवेना.

"नवीन आहे ना, म्हणून."

"नवीन सून अशी चिकटत नाही हो घराला!"

शेवटी गार पाण्याच्या नळाखाली हात धरला तेव्हा ती सुटली. आता मला सांगा, ज्याला शोध लावायचे पैसे मिळतात अशा माणसाला इथे काही कळायला हवं होतं की नाही? हवं होतं. नाही कळलं.

बायकोला मात्र शंका आली. "अहो, उघडून बघितलंत का एखादं?"

"उघडायचं काय बघायचं? तुझी अडचण सांडण्याची आहे, उघडण्याची नाही!"

हे वाक्य आमच्या घरात आजही मला ऐकवलं जातं. कपाटाचं दार अडकलं तरी ऐकवलं जातं.

आमच्या गाडीवाल्याला ब्रेक लावणं म्हणजे स्वतःचा अपमान वाटतो. त्याने पहिल्याच वळणावर सगळे वाडगे एका कुशीवरून दुसऱ्या कुशीवर झोपवले. पुढच्या वळणावर ते उलटे झाले. बायकोने डोळे मिटून घेतले. मी मागे वळून पाहिलं आणि ओरडलो, "थेंब नाही! अगं, एक थेंब नाही!" तिने एक डोळा उघडला, मग दुसरा, आणि माझा हात घट्ट धरला. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण गाडीत माझा हात धरून बसलेली ती मला त्या दिवशीच आठवते.

निवासगृहाच्या जेवणाच्या हॉलमध्ये आजीआजोबा टेबलांभोवती बसले होते. घड्याळवाले आजोबा दाराजवळच्या खुर्चीत होते, वाडगा मिळाला की निघता यावं म्हणून. मी कोणी न विचारताच छोटंसं भाषण ठोकलं. विज्ञान, गृहिणी, गळती वगैरे. आणि शेवटी, मला अजून आठवलं की घाम फुटतो, मी एक भरलेला वाडगा उचलून थेट व्यवस्थापकबाईंच्या डोक्यावर उलटा धरला!

हॉलमध्ये किंचाळी उठली. मग टाळ्या! व्यवस्थापकबाईंनी हळूच वर पाहिलं, केसांना हात लावला, कोरडे होते. त्या चक्क हसल्या. "मानलं तुम्हाला! चला, वाढा आता."

वाडगे वाटले. सगळ्यांनी काठ चाचपडायला सुरुवात केली.

आणि काठच नव्हता.

गरम सुपाने फिल्म ताणून ताणून वाडग्याला अशी जडली होती, जणू दोन्ही एकाच साच्यातून निघाले होते. मी नखं लावली. नखं घसरली. एका आजींनी फणीने प्रयत्न केला, फणीचे दात गेले. पलीकडच्या आजोबांनी "लहानपणी मी बाटल्यांची बुचं दातांनी उघडायचो" असं म्हणत काठाला दात लावले. दात फिल्मला चिकटले आणि तोंडातून बाहेर आले! कवळी होती. कवळी वाडग्यावर, आजोबा खुर्चीवर, आणि दोघे एकमेकांकडे पाहत होते.

"माझे दात द्या!" एवढं ते म्हणाले असावेत, दातांशिवाय नीट कळलं नाही.

तेवढ्यात कोपऱ्यातून ताल ऐकू येऊ लागला. एके काळी बँडमध्ये ढोल वाजवणारे एक आजोबा दोन चमच्यांनी वाडगा बडवत होते. फिल्म इतकी ताणलेली होती की सुरेख नाद निघत होता. "कमी सूप असलेला द्या इकडे," ते शेजाऱ्याला म्हणाले, "त्याचा आवाज खोल येईल!" पाच मिनिटांत त्यांच्यापुढे वेगवेगळ्या सुरांचे वाडगे लागले आणि हॉलमध्ये मैफल सुरू झाली. सूप मात्र कोणाच्याच तोंडात नव्हतं.

"अहो, काहीतरी करा!" बायको माझ्या कानात म्हणाली.

"गार पाण्याखाली धरलं तर सुटेल..."

"आणि थंड सूप द्यायचं त्यांना?"

व्यवस्थापकबाईंचा संयम संपला. "इकडे द्या," म्हणून त्यांनी स्वयंपाकघरातली सुरी घेतली आणि फिल्मच्या मधोमध खुपसून खस्सकन ओढली. फट्ट! ताणलेली फिल्म टोकापासून टोकापर्यंत उसवली, वाडगा टेबलावर नाचला आणि सूप बाईंच्या चष्म्यावर, कपाळावर, कपड्यांवर! आणि मी, इतकी वर्षं कागदाच्या मशीनशेजारी काढलेला माणूस, तो फट्ट आवाज ऐकताच सवयीने बेंबीच्या देठापासून ओरडलो, "मशीन बंद करा!"

स्वयंपाकघरात कोणीतरी घाबरून मिक्सर बंद केला. कोणीतरी पंखा बंद केला. ढोलवाल्या आजोबांनीही वाजवणं थांबवलं. त्या शांततेत व्यवस्थापकबाईंच्या चष्म्यावरून सुपाचा एक थेंब टपकन खाली पडला.

एक थेंब जरी सांडला तरी, असं त्या म्हणाल्या होत्या. इथे मुहूर्तालाच थेंब त्यांच्या नाकावरून ओघळत होता!

चष्मा पुसत त्या बायकोला म्हणाल्या, "तुमचा दोष नाही, मला कळतंय. पण हे असं रोज नाही चालणार. उद्यापासून नका आणू."

 बायकोने माझ्याकडे पाहिलंही नाही, आणि तेच मला जास्त लागलं. ती मुकाट्याने वाडगे गोळा करायला लागली. मी "चूक माझी आहे, हिची नाही" असं पुन्हा पुन्हा म्हणत होतो, पण कवळीवाले आजोबा सोडून कोणाचंच माझ्याकडे लक्ष नव्हतं.

"ए पोरी, माझा वाडगा कुठे नेतेस?" खिडकीजवळून खणखणीत आवाज आला. त्या नर्सआजी. हॉस्पिटलात आयुष्य गेलं, आता स्वेटर विणतात. मांडीवर लोकर, हातात सुया.

"उघडत नाहीये हो आजी."

"उघडायचं कशाला? सूप प्यायचंय ना? ज्यांची शीर सापडत नाही अशांना मी सुया टोचल्यात, हा तर ढळढळीत समोर बसलाय!" आजींनी विणकामाची सुई पुसली, फिल्मवर टेकवली आणि मनगटाने हलकेच दाबली. टप्! छोटंसं गोल भोक. वाफेचा एक फुसकारा आला आणि फिल्म सैल पडली, पण फाटली नाही. औषधांच्या ट्रेमधून त्यांनी एक स्ट्रॉ उचलला, भोकात घातला. फिल्मने स्ट्रॉला आवळून धरलं. आजींनी एक घोट घेतला, डोळे मिटले. "मीठ बरोबर आहे. पुढचा आणा."

मग काय! आजी टोचत होत्या, बायको स्ट्रॉ खोचत होती, मी पेशंट, म्हणजे वाडगे, रांगेत लावत होतो. हॉलमध्ये सुर्रर्र सुर्रर्र असे आवाज यायला लागले. कवळीवाल्या आजोबांना दातांची गरजच उरली नाही. ढोलवाल्या आजोबांनी एका हाताने ताल धरला आणि दुसऱ्या हाताने वाडगा धरला.

बायको घड्याळवाल्या आजोबांपाशी गेली तेव्हा ते सवयीने उठत होते. त्यांनी वाडगा हातात घेतला. हात थरथरायला लागले. वाडगा डावीकडे, उजवीकडे, वर, खाली. सूप आत हिंदकळत होतं. आणि बाहेर काहीच येत नव्हतं. आजोबांनी शर्टाकडे पाहिलं. पुन्हा वाडग्याकडे पाहिलं. मग त्यांनी खुर्ची ओढली, दाराकडची नाही, टेबलाजवळची, आणि सगळ्यांमध्ये बसून स्ट्रॉ तोंडात धरला.

"आजोबा, आज खोलीत नाही गेलात?" व्यवस्थापकबाईंनी विचारलं.

आजोबांनी आधी वाडगा संपवला. मग म्हणाले, "हात काय, थरथरतोच. थरथरू दे! बऱ्याच दिवसांनी पोटभर जेवलो. थोडं अजून आहे का, मुली?"

बायको "आणते हां" म्हणाली आणि पटकन वळली. तिला रडू आलं होतं. मलाही आलं होतं, पण मी घाम पुसल्यासारखं केलं. व्यवस्थापकबाईंनी चष्मा पुन्हा पुसायला घेतला, पण तो आधीच स्वच्छ झाला होता. मग त्या बायकोला म्हणाल्या, "उद्या आणा. असंच आणा. परवाही." आणि माझ्याकडे वळून, "तुम्ही मात्र भाषण नका आणू."

घरी येताना गाडीत बायकोने पुन्हा माझा हात धरला. मी म्हटलं, "बघ, शेवटी माझी मगरमिठीच कामाला आली!" तिने हात सोडला नाही, नुसती हसली. खरं तर त्या क्षणी ती मला वाट्टेल ते बोलू शकली असती आणि ते सगळं खरं असतं. ती बोलली नाही. मी म्हणूनच सुरुवातीला तिचं नाव पहिलं घेतलं.

सकाळी उठून बघतो तर सासूबाई ओट्यापाशी बसलेल्या. समोर जुनी झाकणं, तीच ती उडणारी. हातात दाभण. प्रत्येक झाकणाला मधोमध एक भोक पाडत होत्या.

"हे काय?" मी विचारलं.

"वाफ कोंडते म्हणून झाकण उडतं," सासूबाई म्हणाल्या. "आता भोकातून वाफ जाईल, त्याच भोकातून स्ट्रॉ जाईल. आजोबा पितील, आणि संपलं की झाकण उघडून वाडगे धुतापण येतील. काल तुमचा एकेक वाडगा गार नळाखाली धरून सोडवता सोडवता मध्यरात्र झाली!"

"मग मगरमिठी?"

"ती ठेवा तुमच्या गार खोलीत," बायको सूप ढवळत म्हणाली. "आणि आई, आता स्टँड लावून घेऊ या त्यांच्याकडून."

तेव्हापासून रोजचं सूप भोकाच्या झाकणाखाली जातं, बायकोच्या धाकाने गाडीवाला वळणं सावकाश घेतो आणि एक थेंब सांडत नाही. घड्याळवाले आजोबा रोज टेबलावर जेवतात. आमच्या घरातलं बंद पडलेलं भिंतीवरचं घड्याळ कसं दुरुस्त करायचं ते त्यांनी मला सांगितलं, म्हणजे ते सांगत होते आणि मी स्क्रू हरवत होतो. मगरमिठीने आता गोदामातले कागदाचे मोठे रोल बांधतात, कारण ते उघडायची कोणाला घाई नसते.

साहेबांपर्यंत ही बातमी गेलीच. भोंग्याला सांगितल्यावर कुठे जाणार नाही? त्यांनी मला बोलावून पाठ थोपटली. "तुमचा शोध आजीआजोबांच्या फार उपयोगी पडला म्हणे! पहिल्यांदाच हो! नेमका कुठला भाग उपयोगी पडला?"

खोटं बोलावं असं क्षणभर वाटलं. पण डोळ्यांसमोर विणकामाची सुई आली.

"भोक, साहेब," मी म्हटलं. "पण ते मी पाडलेलं नाही."